जपानी ठशांत उमटलेला हिंदुस्थान : चित्रकार चार्ल्स बार्टलेट

बंगळुरू : यमुनाकाठचा ताजमहाल, काशीचे घाट, उदयपूरचा तलाव, पेशावरचा बाजार. ही दृश्ये डोळ्यांनी पाहिली एका इंग्रज चित्रकाराने. चेरीच्या लाकडावर ती कोरली तोकियोतील कारागिरांनी आणि ओल्या जपानी कागदावर ती छापली त्याच शहरातील दुसऱ्या कारागिरांनी. १९१६ साली प्रसिद्ध झालेली ही छापचित्रे आज जगभरातील संग्रहालयांत जपली जातात. ज्या देशाची ती चित्रे आहेत त्या देशात मात्र त्यांच्या कर्त्याचे नाव फारसे कोणाच्या ओठी नाही. चार्ल्स विल्यम बार्टलेट हे ते नाव.

बार्टलेट यांचा जन्म १ जून १८६० रोजी इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील ब्रिडपोर्ट या गावी झाला. दोरखंड आणि मासेमारीची जाळी विणणारे गाव म्हणून ब्रिडपोर्टची शतकानुशतके ख्याती होती. या गावच्या मुलाने प्रथम धातुशास्त्राचे शिक्षण घेतले आणि काही वर्षे त्याच क्षेत्रात कामही केले. चित्रकलेकडे ते वळले ते वयाच्या तेविसाव्या वर्षी. लंडनच्या रॉयल अकॅडमीत त्यांनी चित्रकला आणि अम्लरेखन, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून घेण्याची कला, यांचे धडे घेतले. धातू आणि आम्ल यांची आधीची ओळख तिथे किती कामी आली असेल, याचा अंदाज कोणालाही करता येईल.

तीन वर्षांनी ते पॅरिसला गेले आणि तिथल्या अकॅडमी ज्युलियाँमध्ये ज्यूल लफेव्र आणि गुस्ताव बुलांझे या दोन नामांकित चित्रकारांच्या हाताखाली शिकू लागले. त्या काळचे पॅरिस जपानी छापचित्रांच्या वेडाने भारावलेले होते. होकुसाई आणि हिरोशिगे यांची चित्रे दुकानादुकानांत विकली जात. व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांनी १८८७ मध्ये याच शहरात हिरोशिगे यांच्या छापचित्रांच्या तैलरंगातील प्रतिकृती केल्या. युरोपीय चित्रकार जपानी चित्रांतील सपाट रंग, ठसठशीत बाह्यरेषा आणि मोकळ्या सोडलेल्या जागा यांचे अनुकरण करीत होते. ती चित्रे ज्या पद्धतीने घडत त्या पद्धतीत स्वतः शिरण्याचे मात्र त्यांपैकी फार थोड्यांच्या मनात आले. बार्टलेट तिथे शिरले, परंतु त्यासाठी आणखी तीस वर्षे जावी लागली.

१८८९ मध्ये ते इंग्लंडला परतले. एमिली टेट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार फार काळ टिकला नाही. बाळंतपणात पत्नी आणि नवजात मूल, दोघेही दगावले. या आघातानंतर बार्टलेट यांनी घर सोडले आणि युरोपभर भ्रमंती सुरू केली. पुढच्या सर्व आयुष्यात ते एका जागी असे फारसे थांबलेच नाहीत. थांबले ते थेट सत्तावन्नाव्या वर्षी, आणि तेही मायदेशापासून अर्ध्या जगाच्या अंतरावर.

या भ्रमंतीत चित्रकार फ्रँक ब्रँग्विन हे त्यांचे स्नेही होते. ब्रँग्विन जपानी कलेचे निस्सीम चाहते होते. फ्रान्समधील ब्रिटनी प्रांत आणि हॉलंड येथे बार्टलेट यांनी शेतकरी, कोळी, प्रार्थनेला निघालेल्या स्त्रिया यांची अनेक चित्रे काढली. ही बहुतेक जलरंगात आहेत. आकृतीभोवती स्पष्ट रेषा, तिच्या आत पातळ आणि शांत रंग, ही त्यांची शैली याच काळात घडली. ठशासाठी चित्र काढायचे तर नेमके हेच लागते. १८९८ मध्ये त्यांनी केट मेन यांच्याशी दुसरा विवाह केला. पॅरिस आणि लंडनच्या प्रदर्शनांत त्यांची चित्रे लागू लागली, जलरंगकार म्हणून बऱ्यापैकी नावही झाले. पन्नाशी उलटलेल्या माणसाने इथेच समाधान मानले असते तर कोणी त्याला दोष दिला नसता.

परंतु १९१३ मध्ये बार्टलेट पती-पत्नी पूर्वेच्या प्रवासाला निघाले. हिंदुस्थान, सिलोन, पुढे आग्नेय आशिया आणि चीन असा हा लांबचा प्रवास होता. हिंदुस्थानात त्यांनी आग्रा, काशी, उदयपूर, पेशावर, खैबर खिंड असा विस्तीर्ण पट्टा पालथा घातला आणि जलरंगांनी वह्या भरल्या. त्यांच्या चित्रांतील हिंदुस्थान शांत आहे. पाण्याकाठी उभी असलेली माणसे, पांढऱ्या वस्त्रांवर पडलेले ऊन, मागे धूसर होत गेलेली वास्तू. हा देश त्या वेळी खरोखर इतका शांत होता काय, हा प्रश्न मात्र उरतो. लोकमान्य टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते आणि १९१४ च्या जूनमध्ये त्यांची सुटका व्हायची होती. राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा होऊन दोनच वर्षे झाली होती. बार्टलेट यांच्या चित्रांत यातले काहीही नाही. आगगाडी नाही, तारायंत्राचे खांब नाहीत, गोरा अंमलदारही नाही. साम्राज्याचा नागरिक म्हणून ज्या सोयींनी ते या देशात फिरले, त्या सोयी त्यांनी चित्राबाहेर ठेवल्या. तो त्या काळच्या पाश्चात्त्य प्रवासी चित्रकारांचा सार्वत्रिक दृष्टिदोष होता आणि बार्टलेट त्याला अपवाद नव्हते. तरीही एक गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवावी लागते. त्यांच्या चित्रांतील माणसे नमुने म्हणून मांडलेली वाटत नाहीत. रेशमाचे व्यापारी आपल्या मालापाशी बसलेले असतात. पाहणाऱ्याकडे ते बघत नाहीत, आपल्या कामात असतात.

याच सुमारास हिंदुस्थान आणि जपान यांच्यात कलेची देवघेव दुसऱ्याही एका वाटेने चालू होती. कलाविचारक ओकाकुरा कलकत्त्याला येऊन गेल्यानंतर योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुनसो हे जपानी चित्रकार १९०३ मध्ये तिथे आले. त्यांच्या कामाच्या पद्धतीवरून अवनींद्रनाथ ठाकूर यांनी चित्र पुनःपुन्हा पाण्यात भिजवून रंगाचे पातळ थर चढवण्याचे आपले तंत्र घडवले. म्हैसूर संस्थानातून कलकत्त्याला शिकायला गेलेले के. वेंकटप्पा हे अवनींद्रनाथांचे शिष्य. बार्टलेट हिंदुस्थानात फिरत होते त्याच वर्षांत हा तरुण ते तंत्र आत्मसात करीत होता. पुढे निलगिरीच्या धुक्याची जी जलरंगचित्रे वेंकटप्पा यांनी काढली, त्यांत हा संस्कार दिसतो. बंगळुरूच्या कस्तुरबा रस्त्यावरील कलादालन आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. जपानचा रंग तिथे हिंदी हातांत आला. बार्टलेट यांच्या बाबतीत हिंदुस्थानचे दृश्य जपानी हातांत गेले.

१९१५ मध्ये बार्टलेट जपानला पोहोचले तेव्हा तिथली छापचित्रांची परंपरा अखेरच्या घटका मोजत होती. दोन-अडीचशे वर्षे लोकांच्या घराघरांत पोहोचलेल्या या चित्रांना छायाचित्रांनी आणि शिळाछपाईने मागे सारले होते. पिढीजात कारागिरांना काम उरले नव्हते. वातानाबे शोझाबुरो नावाच्या एका तरुण प्रकाशकाला ही कारागिरी मरू द्यायची नव्हती. जुन्या चित्रांच्या नकला छापून परदेशी ग्राहकांना विकण्याचा व्यवसाय त्यांच्या हाती होताच. पण नकलांवर परंपरा जगत नाही, नव्या चित्रकारांची नवी चित्रे जुन्या कौशल्याने छापली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. या उपक्रमाला त्यांनी नाव दिले शिन हांगा, म्हणजे नवी छापचित्रे. आणि गंमत अशी की, जपानी परंपरेच्या या पुनरुज्जीवनाचे पहिले चित्रकार म्हणून त्यांना सापडले फ्रिट्झ कापेलारी हे ऑस्ट्रियन गृहस्थ. महायुद्धामुळे ते जपानमध्ये अडकून पडले होते. त्यांच्या पाठोपाठ आले बार्टलेट. युरोपच्या रणभूमीवर ऑस्ट्रिया आणि इंग्लंड एकमेकांचे शत्रू होते. तोकियोत एकाच प्रकाशकाच्या कारखान्यात दोन्ही देशांच्या चित्रकारांची चित्रे कोरली जात होती.

वातानाबे तेव्हा तिशीचे होते आणि बार्टलेट पंचावन्न वर्षांचे. वयाने आणि अनुभवाने इतक्या मोठ्या चित्रकाराला या पद्धतीत काय सोडून द्यावे लागले, हे समजण्यासाठी ती पद्धत थोडी तपशिलाने पाहिली पाहिजे. जपानी छापचित्र एकट्याचे नसते. चित्रकार आराखडा काढतो. तो पातळ कागदावर उतरवून चेरीच्या फळीवर पालथा चिकटवला जातो आणि कोरणारा कारागीर त्या कागदासकट लाकूड कापत जातो. रेषा तेवढ्या उंच उरतात, बाकीचे लाकूड निघून जाते आणि तो कागदही त्यातच नष्ट होतो. मग प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा. फळीच्या कडेला कोरलेल्या दोन खुणांमध्ये कागद नेमका बसवायचा, म्हणजे एकावर एक येणारे रंग केसभरही सरकत नाहीत. रंग पाण्यातले असतात आणि त्यांत तांदळाची खळ मिसळलेली असते. कागद ओलसर ठेवतात. छपाईला यंत्र नसतेच; बांबूच्या पानात गुंडाळलेल्या, बारेन नावाच्या चपट्या गोल चकतीने कागदाची पाठ हाताने घासायची. संध्याकाळचे आकाश वरून गडद आणि खाली फिके दिसते, त्यासाठी ठशावरचा रंग ओल्या ब्रशने असा पुसत न्यावा लागतो की त्याला कुठेही काठ दिसू नये. हे काम छापणाऱ्याचे. प्रत्येक प्रतीसाठी ते पुन्हा करायचे आणि प्रत्येक प्रत सारखी आली पाहिजे.

आपल्याकडे कापडावर ठसे उमटवणाऱ्या भावसार आणि रंगारी मंडळींच्या हाताला यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. मराठी वाचकाला आणखी एक उदाहरण जवळचे आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईच्या गिरगावात छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. तिथेही चित्रकार एक होता आणि प्रत्येक रंगाचा वेगळा दगड तयार करणारे हात दुसऱ्यांचे होते. घराघरांत लागलेल्या लक्ष्मी आणि सरस्वतीच्या तसबिरींखाली त्या हातांची नावे आली नाहीत. जपानमधील व्यवस्था तेवढ्यापुरती वेगळी नव्हती. बार्टलेट यांच्या चित्रावर बार्टलेट यांची सही आणि वातानाबे यांची मुद्रा दिसते. ताजमहालाच्या घुमटावरील उजेड ज्याच्या हातून उतरला त्याचे नाव पाहणाऱ्याला सापडत नाही.

१९१६ मध्ये वातानाबे यांनी बार्टलेट यांची वीसहून अधिक छापचित्रे प्रसिद्ध केली. त्यांतील काही जपानची होती, पण मोठा वाटा हिंदुस्थानचा होता. ताजमहाल त्यांत एकाहून अधिक वेळा येतो, एकदा तर दूर वाळवंटाच्या अंगाने पाहिलेला. काशी, आग्रा, उदयपूर, पेशावर, खैबर येथील दृश्ये त्यांत आहेत. जलरंगात जे पाण्याच्या ओघावर सोडून दिलेले असते, ते ठशात आधी ठरवावे लागते. हा भाग निळा, हा पांढरा, इथे कागद मोकळा. या सक्तीने बार्टलेट यांचे चित्र अधिक सुटसुटीत आणि अधिक धीट झाले. त्यांच्या आधीच्या जलरंगचित्रांत न आढळणारा निर्धार या चित्रांत दिसतो, आणि त्यातला किती त्यांचा व किती कारागिरांचा, हे वेगळे काढता येत नाही. जपानच्या बाजूनेही हा व्यवहार एकतर्फी नव्हता. हिरोशिगे यांच्या परंपरेत पाऊस, बर्फ आणि चांदणे छापण्याचे कौशल्य पराकोटीला गेले होते. हिंदुस्थानचे कोरडे ऊन, धुळीतला प्रकाश आणि संगमरवराची पांढरी झळाळी यांसाठी छापणाऱ्यांना रंग नव्याने जुळवावे लागले असणार.

१९१७ मध्ये बार्टलेट पती-पत्नी इंग्लंडला परत जाण्यासाठी निघाले. वाटेत ते हवाई बेटांवरील होनोलुलूला थांबले आणि मग तिथेच राहिले. इंग्लंडला ते कायमचे परतले नाहीत. ॲना राइस कुक या धनाढ्य आणि रसिक बाईंनी त्यांच्या चित्रांचा संग्रह केला. याच बाईंनी स्थापन केलेले होनोलुलूचे कलासंग्रहालय पुढे १९२७ मध्ये लोकांसाठी खुले झाले. बार्टलेट १९१९ मध्ये पुन्हा जपानला गेले आणि वातानाबे यांच्याकडून आणखी काही चित्रे छापून घेतली. या खेपेत हवाईची चित्रे होती. समुद्राच्या उंच लाटेवर फळी घेऊन उभे राहणाऱ्या तरुणांचे त्यांचे चित्र त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. होकुसाई यांच्या लाटेपुढे माणसे होड्यांत दबून बसलेली आहेत. बार्टलेट यांच्या लाटेवर माणूस ताठ उभा आहे. पण त्याच खेपेत उदयपूरच्या सूर्यास्ताची प्रार्थना आणि रेशमाचे व्यापारीही होते. सहा वर्षांपूर्वी पाहिलेला देश हवाईच्या समुद्रकाठी बसूनही त्यांच्या मनातून गेला नव्हता.

१ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी कान्तो प्रदेशात प्रलयंकारी भूकंप झाला. तोकियो आणि योकोहामा शहरे भूकंपाने हादरली आणि पाठोपाठच्या आगींत जळाली. वातानाबे यांचे दुकान, तिथला छापील साठा आणि कोरलेले ठसे आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. छापचित्राच्या बाबतीत ठसा जाणे म्हणजे चित्राचा वंश खुंटणे. त्या आधी छापलेल्या आणि परदेशी गेलेल्या प्रतींना म्हणूनच आज मोल आहे. वातानाबे यांनी दुकान पुन्हा उभे केले, नव्याने ठसे कोरवून घेतले आणि कावासे हासुई यांच्यासारख्या जपानी चित्रकारांच्या हातून नव्या छापचित्रांची चळवळ पुढे नेली.

या आगीत ज्यांचे ठसे जळाले त्यांत योशिदा हिरोशी हेही होते. त्यांची कथा इथे सांगण्याचे कारण असे की बार्टलेट यांनी ज्या वाटेने हिंदुस्थान जपानला नेला, त्याच वाटेने योशिदा उलट चालत आले. ते जन्माने जपानी, शिक्षणाने पाश्चात्त्य तैलरंगाचे चित्रकार. १९३० च्या अखेरीस मुलगा तोशी याला बरोबर घेऊन ते हिंदुस्थानच्या प्रवासाला निघाले आणि परतल्यावर त्यांनी स्वतःच्या कारखान्यात या देशाची छापचित्रे काढली. ताजमहाल, उदयपूर आणि काशी त्यांतही आहेत. शिवाय अजिंठा आणि वेरूळची लेणी आहेत, जी बार्टलेट यांच्या ठशांत उतरली नव्हती. महाराष्ट्रातील लेणी जपानी लाकडी ठशांवर गेली ती योशिदा यांच्या हातून. योशिदा मात्र कारागिरांवर सर्वस्वी विसंबून राहत नसत. कोरणे आणि छापणे यांवर त्यांची स्वतःची कडक देखरेख असे आणि तसा शिक्का ते चित्राच्या कडेला उठवीत.

होनोलुलूत बार्टलेट आपल्या तारुण्यातील अम्लरेखनाकडे परत वळले. इथे ना कोरणारा दुसरा, ना छापणारा दुसरा. पत्रा, आम्ल आणि शाई यांच्यापाशी चित्रकार पुन्हा एकटा. १९२८ मध्ये काही सहकारी चित्रकारांबरोबर त्यांनी होनोलुलूत मुद्राचित्रकारांची संस्था स्थापन केली. ती आजही चालू आहे आणि दरवर्षी प्रदर्शन भरवते. १९४० च्या एप्रिल महिन्यात, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, बार्टलेट यांचे हवाईमध्ये निधन झाले.

२००१ मध्ये होनोलुलूच्या कलासंग्रहालयाने त्यांच्या जीवनाचा आणि कार्याचा आढावा घेणारे प्रदर्शन भरवले. या संग्रहालयाकडे कादंबरीकार जेम्स मिचनर यांनी दिलेला, हिरोशिगे आणि होकुसाई यांच्या कृतींनी समृद्ध असा जपानी छापचित्रांचा हजारोंचा संग्रह आहे. कोरड्या, अंधाऱ्या कपाटांतील सपाट खणांत ही चित्रे ठेवावी लागतात, कारण वनस्पतिजन्य रंग उजेडाने उडतात. त्याच इमारतीत बार्टलेट यांचा ताजमहाल आहे.